परतीची फेरी

मेंदू-उपचार केंद्रात नातेवाइकांना रोज सकाळी एक कागद मिळे: आज रुग्णाला काय आठवतंय. रझियाच्या कागदावर होतं: ‘पत्नी – ओळखतात. तंबोरे बनवणं – येतं. मुलगी – नाही.’

तिचा नवरा इलियास मिरजेचा तंबोरे बनवणारा. फिट येऊ नयेत म्हणून त्याच्या मेंदूत ‘अवस्थायंत्र’ बसवलं होतं. ते पेशींकडून चालवून घ्यायचं ते नियम इनमीन पाच, आणि प्रत्येकात तेच: संकेत वाचायचा, बदलून पुढे द्यायचा, स्वतःची अवस्था बदलायची. झोपेत ते आठवणींच्या जागा बदलत राही, म्हणजे झटक्याला कुठेच जोर धरता येत नसे. आठव्या फेरीला सगळं मूळ जागी येई आणि माणूस जसाच्या तसा उठे. मग इलियासला मेंदूज्वर झाला. एक नियम बिघडला आणि परत येणं थांबलं. त्याला चौदा महिने झाले होते.

“पुढचं कॉम्प्युटरवर काढून बघा ना,” रझिया म्हणाली.

“काढलं,” यंत्राचं गणित मांडणाऱ्या डॉ. मृणाल केळुसकर म्हणाल्या. “पण दर फेरीला पसारा दुप्पट होतो. चाळीस दिवसांपुढचं दिसत नाही. चाळीस दिवसांत तरी ते परतत नाहीत.”

“त्यानंतर?”

“ताई, नियम पाचच, पण त्यांतून होणाऱ्या अदलाबदलींना अंत नाही. कुठलंही यंत्र मूळ जागी परतेल का, हे खात्रीने सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. हे सिद्ध झालंय.”

“उलटं फिरवा मग.”

“पेशी उलट्या चालत नाहीत. बंद मात्र करता येईल. मग आज जे आहे, तेच कायम.”

आत इलियास प्रसन्न बसला होता. लेकीकडे, शाहीनकडे, पाहून त्याने हळूच विचारलं, “रझिया, ही पोरगी कोणाची?”

बाहेर येऊन शाहीन म्हणाली, “अम्मी, बंद करायला सांग. तुला ओळखतायत ना?”

“आणि तू?”

“मी नव्याने ओळख करून घेईन.”

रझियाने संमतीपत्र घेतलं, पेनही उघडलं. सही काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी इलियासने शाहीनचा हात घट्ट धरला. “बेटा, किती वाळलीस! तुझी अम्मी कुठंय?”

रझिया त्याच्या उशाशीच उभी होती.

मृणाल दारात आल्या. “आज बंद करायचं?”

रझियाने लेकीकडे पाहिलं. शाहीनने वर पाहिलं नाही; बापाचा हातही सोडला नाही.

“उद्या बघू,” रझिया म्हणाली.