साफ केलेली टेप

शनिवारी दुपारचं जेवण झाल्यावर कानसेन टेपवाल्याच्या घरी एक खोकं आणायला निघाला. काम दहा मिनिटांचं. जायचं, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे, खोकं उचलायचं आणि परत यायचं. टेपवाला जाऊन तीन महिने झाले होते. कानसेनच्या मते सांत्वनाची मुदत तशीही संपत आली होती.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. जाड भिंतींची, दाराला रबर लावलेली एक छोटी खोली होती. तिला सगळे बूथ म्हणत. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. बटण दाबलं की काचेबाहेर कानसेनच्या टेबलावर दिवा लागायचा. पंचवीस वर्षं हे काम करून त्याची एक पक्की समजूत झाली होती, की देवानं माणसांना कान दिले ते निव्वळ चष्म्याच्या काड्या अडकवायला.

घरी आल्यावर त्याचा दुसरा संसार सुरू व्हायचा. इंग्लंडचा तो रॉक बँड, ज्याचं नाव गिटारला तारा किती असतात हे ठाऊक नसलेल्यालाही ठाऊक असतं, त्याच्या कार्यक्रमांची चोरून केलेली रेकॉर्डिंग तो जमवायचा. कुणीतरी कोटात टेपरेकॉर्डर लपवून, बाहीतून माइक काढून, श्वास रोखून केलेली. अशी सहाशेच्या वर त्याच्या कपाटात होती. दुकानातल्या तयार रेकॉर्डी ऐकणारे म्हणजे फोटोतलं जेवण बघून ढेकर देणारे, असं तो म्हणायचा. इतर संग्राहकांनाही तो मोजत नसे. ते टाळ्या आणि खोकला गोळा करतात, गाणं नाही.

कारण अशा रेकॉर्डिंगमध्ये स्टेज असतं लांब आणि शेजारचा माणूस असतो माइकला चिकटून. गायकापेक्षा त्याच्या नाकाचा आवाज मोठा येतो. कुणी चुकीच्या तालावर टाळ्या वाजवतं, कुणी किल्ली कुठे ठेवली ते विचारतं. कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग त्यानं कंप्यूटरवर साफसफाई शिकून घेतली. बोलणाऱ्याचा आवाज नेमका उचलून काढायचा आणि तिथे गर्दीच्या गुणगुणीचं ठिगळ लावायचं. हात इतका सफाईदार झाला की शिवण दिसायची नाही. दहा वर्षांत त्यानं खोकणारे पुसले, शिट्ट्या मारणारे पुसले, आईच्या मांडीवर रडणारं एक पोर पुसलं. त्याच्या शब्दांत सांगायचं तर, कचरा काढला.

टेपवाल्याच्या बायकोनं दार उघडलं. सत्तरीची, बारीक चणीची बाई. कानसेन त्यांना वहिनी म्हणायचा. खोकं टेबलावर तयार होतं. त्यात ती टेप होती, जिच्यासाठी कानसेननं तीन वर्षं टेपवाल्याची मनधरणी केली होती. एका जुन्या दौऱ्यात बँडनं एक संथ गाणं एकदाच वाजवलं आणि ते पूर्ण फक्त टेपवाल्याच्या खिशातल्या चोरट्या टेपरेकॉर्डरवर उतरलं.

वहिनींनी खोक्यावर हात ठेवला. "एक सांगायचं होतं. त्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो होतो. हे, मी आणि माझी धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची होती. पुढच्या महिन्यात तापानं गेली. तिचा आवाज एवढ्या टेपेतच राहिलाय. दुसरीकडे कुठेच नाही."

"अच्छा," कानसेन म्हणाला. त्याचं लक्ष टेपांच्या पाठीवरच्या तारखांकडे होतं.

"हे असेपर्यंत मी कधीतरी लावून ऐकायची. कॉपी करा, पण टेप जपून आणून द्या."

"वहिनी, काळजीच करू नका. माझ्या हातून टेपेला धक्का लागायचा नाही."

हे तो खरंच बोलला. टेपेला त्याच्या हातून काहीही झालं नाही.

रविवारी सकाळी त्यानं टेप कंप्यूटरवर उतरवली आणि ते गाणं ऐकायला बसला. ढोल थांबले. आता गिटारचा पहिला सूर यायचा होता. या एका क्षणासाठी तीन वर्षं थांबलेला कानसेन डोळे मिटून बसला, आणि माइकच्या अगदी जवळ एक मुलगी म्हणाली, "जरा सरकता का? मला दिसत नाहीये."

मग हसणं. मग, "ताई, बघ ना, हलतच नाही हा माणूस." मग पुन्हा हसणं.

अकरा सेकंद. तेवढ्यात गिटार सुरू होऊन पुढेही गेली होती.

"भवानी," कानसेन म्हणाला, आणि बाह्या सरसावल्या. तासाभरात तिथे गिटार एकटी उभी होती. वहिनींचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. पण मूळ टेप होती की तशीच. बुधवारी त्यानं ती कुरियरनं पाठवून दिली. स्वतः जायचं म्हणजे पुन्हा चहा आणि पुन्हा बहीण.

त्याच्या आदल्या दिवशीची, मंगळवारची गोष्ट. घरी जेवायला बसला असताना त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "जरा सरकता का?" त्यानं न बघता खुर्ची डावीकडे ओढली आणि घास घेतला. बायको वाढता वाढता थांबली.

"अहो, कुणासाठी सरकलात?"

कानसेननं मागे पाहिलं. मागे फ्रिज होता.

"कुणासाठी नाही," तो म्हणाला. तासभर एकच आवाज ऐकला की तो कानात बसतो, हे त्याला धंद्यानं ठाऊक होतं. बुधवारी कुरियरच्या रांगेत तो आवाज पुन्हा आला. या वेळी तो सरकला नाही. मागे उभ्या असलेल्या गृहस्थाकडे त्यानं असं काही पाहिलं, की तो बिचारा स्वतःच दोन पावलं मागे गेला.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात एक म्हातारा आला. चाळीस वर्षं बॉयलरवर काम केलेला. दोन्ही कान गेलेले. सुनेनं त्याच्या कानाशी ओरडून त्याला बूथमध्ये बसवलं. कानसेननं दार लावलं, बाहेर येऊन टेबलाशी बसला, आणि अजून एकही आवाज सोडला नव्हता तोच दिवा लागला.

असे हौशी पेशंट रोज येतात. ऐकू येत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून वाटेल तेव्हा बटण दाबतात. कानसेननं नाक मुरडलं. पुन्हा दिवा लागला. मग काचेतून दिसलं, की म्हातारा हेडफोन सांभाळत उठला, खुर्ची हातभर बाजूला घेतली आणि परत बसला.

कानसेन दार उघडून आत गेला. पाटीवर खडूनं लिहून विचारलं, का सरकलात?

"ती पोरगी म्हणाली ना," म्हातारा म्हणाला. "तिला दिसत नाहीये म्हणे."

कानसेननं हातानंच विचारलं, कोणती पोरगी?

"मागची." म्हाताऱ्यानं अंगठा खांद्यावरून मागे केला. खुर्चीमागे वीतभरावर भिंत होती. "आवाज किती गोड आहे हो. फार वर्षांनी कुणी असं... न ओरडता बोललं माझ्याशी."

बूथमध्ये बरीच माणसं बसून गेल्यावर येतो तसा एक वास तिथे होता. ओल्या कोटांचा, सिगरेटचा, घामाचा. बाहेर तर कडक ऊन होतं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"टेप मिळाली," त्या म्हणाल्या. "ती नाहीये हो त्यात."

"असं कसं होईल? मूळ टेपेला मी..."

"मी पाच वेळा लावली. गाणं आहे. ती नाहीये."

कानसेननं कंप्यूटर सुरू केला, पहिली उतरवलेली, न साफ केलेली कॉपी काढली आणि लावली. ढोल थांबले. गर्दी गुणगुणली. मागे कुणीतरी एकदा खोकलं. मग गिटारचा सूर आला, स्वच्छ आणि एकटा. त्यानं ते अकरा सेकंद ताणून ताणून पाहिले. ठिगळ असतं तर त्याला सापडलं असतं, स्वतःची शिवण कोण ओळखत नाही? ठिगळ नव्हतंच. त्या खुर्चीवर त्या दिवशी कुणी बसलंच नव्हतं, असं ते रेकॉर्डिंग होतं.

शनिवारी सकाळी वहिनी दवाखान्यात आल्या. बूथबाहेरच्या बाकावर पाच पेशंट नंबर धरून बसले होते आणि बहिऱ्यांच्या रीतीनं एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत होते. वहिनी सरळ टेबलाशी आल्या.

"तुम्ही काय केलंत?"

कानसेनला खोटं सुचेना. "साफ केलं," तो म्हणाला. "फक्त माझ्या कॉपीत. सगळेच करतात."

"साफ," वहिनी म्हणाल्या. भातातला खडा जिभेवर यावा तसा तो शब्द त्यांनी बाहेर काढला. "इतकी वर्षं ह्यांनी श्वास धरून माणसं जपली. तुम्ही आयती घेतलीत आणि पुसलीत. तुम्हाला ऐकायला कान दिले कुणी?"

कानसेनला असं कुणी बोललं नव्हतं. एरवी त्यानं दोन सुनावलीही असती. पण तीन रात्री तो पलंगाच्या कडेला सरकून सरकून झोपला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी... ती इथे आहे, असं मला वाटतं."

त्यानं बूथकडे बोट केलं. पर्स छातीशी धरून वहिनी आत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यानं हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, दार लावलं. बाहेर येऊन त्यानं मशीन बंद केलं आणि वायरही भिंतीतून उपटली. दिव्याची वायर वेगळी होती, तेवढी राहू दिली.

मिनिटभर काही झालं नाही. मग दिवा लागला.

काचेपलीकडे वहिनींचा चेहरा उजळला. त्यांचे ओठ हलत होते. मान किंचित मागे वळवून त्या कुणाशी तरी बोलत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. एकदा त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. दिवा लागत होता, विझत होता. कानसेननं काचेला कान लावला. पंचवीस वर्षं अभिमानानं मिरवलेला कान. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

मग वहिनी बोलायच्या थांबल्या. हळूहळू त्यांनी मान आणखी वळवली, उजवीकडून डावीकडे, मोठ्या सभागृहात ओळखीचं माणूस शोधावं तशी. बटण त्यांच्या मांडीवर पडलं होतं. तरी दिवा लागलेलाच राहिला.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी कीव होती, बस.

"भेटली?" कानसेननं विचारलं.

"भेटली. पण फार मागे आहे हो ती. शेवटच्या रांगेत."

"मागे म्हणजे... कशाच्या मागे?"

"पुढे किती माणसं आहेत," वहिनी म्हणाल्या. "एक बाई तान्हं पोर घेऊन बसलीय. म्हातारे आहेत, शिट्ट्या मारणारी पोरं आहेत. मोजवेनात. एवढ्याशा खोलीत कशी मावली कोण जाणे."

कानसेननं विचारलं, "काय करतायत ती?"

"काही नाही. आधी सगळी बोलत होती. आता गप्प झालीत. दिवे मंद झाले की माणसं होतात ना, तशी."

"स्टेजकडे बघतायत?"

वहिनींनी मान हलवली. "आत स्टेज कुठलं? ती काचेकडे तोंड करून बसलीत. तुमच्याकडे."

एवढं बोलून त्या निघतील असं त्याला वाटलं. त्या निघाल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली रिकामी खुर्ची आवाज न करता ओढली, त्याच्यासमोर मांडली, पर्स मांडीवर ठेवली आणि बसल्या.

कानसेन काहीतरी म्हणायला गेला. आधी त्यानं घसा खाकरला. तेवढ्यानंच बाकावरच्या पाच जणांनी, ज्यांच्यातल्या एकालाही कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि एकेक करून त्याच्याकडे तोंड केलं.