बेसिल मयताशी बोलायचा

फादर, तुम्ही भ्यालात. देवाला भ्याला असतात तर मी तोंड उघडलं नसतं. तुम्ही भ्यालात पुढच्या बाकांवर बसणाऱ्या घरांना, आणि त्या भीतीपायी बेसिल आणि डेल्फिनची नावं देवळात पुकारायला नकार दिलात. लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारायची, कोणाची हरकत असेल तर त्याने सांगायची, ही आपली रीत. इथे हरकत घेऊन कोणी पुढे आलंच नाही. सगळ्यांच्या वतीने तुम्हीच ती घेऊन मोकळे झालात. तेव्हा आता गोष्ट ऐका. गावातल्या तरण्या पोरापोरींनीही ऐकावी, कारण ही प्रेमाचीच गोष्ट आहे. फक्त तिला जरा औषधाचा वास येतो.

भादव्यातली दुपार होती, पण उजेड दिवेलागणीसारखा. भुईगावच्या वाड्यांमधून केळीच्या पानांवरचं पाणी ठिबकत होतं. डेल्फिन फुलांची परडी घेऊन हेलन मावशीच्या घरात शिरली. मावशी सकाळीच गेली होती आणि तिचा मुलगा मद्रासला नोकरीला. तो गाडीने येईपर्यंत मयत ठेवायचं होतं. पूर्वी असं कोणी थांबत नसे, दुसऱ्या दिवशी माती द्यायचे. पण मयताच्या पेट्या करणाऱ्या ऑगस्टीन सुताराचा मुलगा बेसिल मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजात प्रेतं टिकवायची विद्या शिकत होता, आणि मावशीच्या घरच्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. डेल्फिनला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बायका मागच्या पडवीत रोझरी म्हणत होत्या. आतल्या खोलीत दोरीवर चादर टांगलेली. चादरीपलीकडून कोणीतरी हळू, अगदी लाडीगोडीने बोललं...

“द्या हात. घाबरायचं नाही... जरा थंड लागेल, एवढंच.”

डेल्फिनला वाटलं, कोणी फुलंच मागतंय. तिने चादरीच्या फटीतून मूठभर शेवंती पुढे केली. पलीकडून बोटं आली. ओली, बर्फासारखी गार बोटं... आणि ती तिच्या मनगटाभोवती मिटली.

मावशीच. मावशीनेच धरलं. डेल्फिनने किंचाळायला तोंड उघडलं. पण किंकाळी आली ती पलीकडून, आणि तीही पुरुषाची. पाठोपाठ घमेलं उलटलं, चादर दोरीसकट खाली आली, आणि समोर एक उंच, पांढराफटक पडलेला तरुण, हातात शेवंती घेऊन उभा. त्याच्या मागे मावशी शांत झोपलेली.

“तू... जिवंत आहेस?” त्याने विचारलं.

“मी आहे. तुझं काय?”

मावशीचा हात घ्यायला त्याने न बघता आपला हात पुढे केला होता आणि हाताला लागली ऊब. मेलेल्या बाईच्या हाताला ऊब म्हटल्यावर त्याची विद्या कुठच्या कुठे पळाली होती. कॉलेजातल्या त्याच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे, मयताला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. ते माणूस आहे, लाकूड नाही.

“आणि त्यांनी उत्तर दिलं तर?” डेल्फिनने विचारलं.

“आजवर कोणी दिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच... मिळालं.”

मयताच्या खोलीत हसू नये म्हणून डेल्फिनने पदर तोंडात धरला. पण डोळे हसायचे ते हसलेच.

त्यानंतर तो सुट्टीला आला की वाडीतल्या विहिरीवर दोघं भेटू लागली. त्याच्या हाताला तो वास असायचा, लिंबू घासलं तरी न जाणारा. वाण्याकडे गेला तर वाणी सुटे पैसे त्याच्या हातात न देता फळीवर टाकायचा. बायका त्याला पाहून पोरं पोटाशी धरायच्या. डेल्फिन मात्र त्याच्या हातून सोललेलं केळं घ्यायची आणि त्याच्याकडे बघत, सावकाश खायची. तो बघतच राहायचा. एकदा फारच वेळ बघत राहिला.

“काय बघतोस एवढं?”

“गालाचं हाड... ओठाच्या डाव्या कोपऱ्याची मुरड. मी सगळ्यांचेच चेहरे असे लक्षात ठेवतो. पुढे कधी वेळ आली तर हसू जिथल्या तिथे बसवता आलं पाहिजे.”

रहाटाचं पाणी थांबलं. डेल्फिनच्या मानेवर काटा आला. “म्हणजे माझाही?”

“तुझा मी नाही करणार,” तो म्हणाला. “मला नाही जमणार, डेल्फी. माझा तू कर.”

असं कोणी कोणाला लग्नाचं विचारत असेल का? पण तिला कळलं. आणि तिने मान हलवली.

मग तुमची आई गेली, फादर. तुमचे भाऊ कोचीनहून यायचे होते आणि तुम्ही मागच्या दाराने बेसिलला बोलावलंत. औषध भरलेल्या अंगाला हात लावायला गावातली एकही बाई धजेना, म्हणून डेल्फिन गेली. तिने म्हातारीला लुगडं नेसवलं, केस विंचरले, हातात जपमाळ गुंफली. बाहेर वारा नव्हता, तरी मेणबत्तीची ज्योत एका बाजूला झुकून राहिली होती. दोघांनी म्हातारीला कुशीवर वळवलं, आणि तिच्या घशातून एक लांब, थकलेला हुंकार आला.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. डेल्फिनने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “हो आई, झालंच हं.”

बेसिलने नंतर समजावलं, छातीत कोंडलेली हवा असते ती, वळवलं की बाहेर पडते. पण शेवटी त्याने कबूल केलं की हवा असली तरी उत्तर द्यायला काय हरकत आहे.

तुम्ही पेटीत आईचं तोंड पाहिलंत आणि रडलात. म्हणालात, झोपल्यासारखी दिसते. महिन्याभरात ही दोघं नावं द्यायला आली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

डेल्फिनच्या बापाला, सॅन्टनला, आधी हे लग्न पसंत नव्हतंच. ज्या हाताने मयत धुतलं त्या हाताने माझ्या पोरीला घास भरवणार काय, असं तो ओट्यावर बसून गावाला ऐकवायचा. शेवटी पोरीच्या हट्टापुढे नमला. म्हणाला, फादर नावं पुकारतील तर माझं काय जातंय. सगळं तुमच्यावर येऊन ठेपलं. आणि तुम्ही म्हणालात, परका पुरुष गावच्या बायाबापड्यांच्या मयताला हात लावतो, लोकांना ते खपत नाही. कॉलेज सोड, बापाबरोबर रंधा मार. मग पुकारतो.

बेसिल त्या संध्याकाळी कॉलेज सोडायलाही तयार झाला. “पेट्या करीन,” तो म्हणाला. “तू मिळत असशील तर...”

“आणि पेटीत मयत कोण सजवेल? वाणी?”

तो म्हणाला, निदान फादरना त्यांच्या आईची आठवण तरी करून देऊ. डेल्फिनने नाही म्हटलं. मयताची सेवा बाजारात मांडायची नसते. ती नाही बोलली, फादर. मी बोललो, मागच्या बाकावरचा. माझ्या जिभेला हाड नाही.

आज मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर ती देवळाच्या दारात तुमच्यासमोर उभी राहिली. झिमझिम पडत होती, डोक्यावरचा पदर भिजला होता. बेसिल तिच्या मागे, चपला हातात घेऊन. आवाज तिने चढवलाच नाही. तरी सगळे थांबले.

“फादर, पुरुषाने बायकांच्या मयताला हात लावू नये, हे तुमचं म्हणणं मला पटलं,” ती म्हणाली. “म्हणून बायकांचं मी करीन. बेसिलच्या सरांना विचारून घेतलंय. बाई मिळत नाही म्हणून ते किती दिवस वाट बघतायत. मी शिकायला मुंबईला चालले.”

मागून सॅन्टनने तिचं नाव घेतलं. तिने वळून पाहिलं नाही.

“हा माझा नवरा होणार, हे मी ठरवलंय. ज्याच्याजवळ मेलेल्यालासुद्धा भीती वाटत नाही, त्याच्याजवळ मला कसली वाटणार? मी याच्याबरोबर जाणार ते जाणारच. लग्न करून जायचं की न करता, तेवढंच तुमच्या हातात आहे.”

तुम्ही छत्री उघडलीत. बघू म्हणालात. पुढच्या बाकवाल्यांकडे बघितलंत.

ती अजून पायरीवरून हललेली नाही. त्याचा हात तिने सगळ्या गावादेखत धरलाय आणि पुन्हा विचारते आहे, येत्या रविवारी आमची नावं पुकारताय, हो की नाही?

बोला, फादर.