उजवा दिवा

काजलला वाटलं होतं, जुन्या गाडीचं इंजिनच दगा देईल आणि गावाची मनं वळवण्यात सहा महिने जातील. झालं उलटंच. इंजिन पहिल्या किल्लीत सुरू झालं, आणि नाचणगावातल्या बाया दुसऱ्याच दिवशी गाडीसाठी नावं नोंदवायला आल्या. अडलं ते समोरच्या दिव्यांपाशी. दोन्ही काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या दुधाळ. अंधारात चार हातांपलीकडचं दिसेना.

गाडी गुलाबकाकांची, तिच्या वडिलांच्या भावाची. दोन वर्षं ते ती फक्त दिवसा काढायचे. बंगलोरहून शिकून परतलेल्या काजलनं ती मागून घेतली होती, अडलेल्या बाईला वेळी-अवेळी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला. शेजारच्या दिपालीचा नववा महिना संपत आला होता. कळा केव्हाही सुरू होऊ शकत होत्या.

दिवेलागणीला भारनियमनानं वीज गेली तेव्हा काजल अंगणात डाव्या दिव्यापुढे उकिडवी बसली होती. बादलीत पॉलिशपेपर भिजत होते. काच हाताला विचित्र लागत होती. उन्हानं पिवळी पडलेली काच अशी नसते. हिच्यावर आडवे, खोल ओरखडे होते.

जाड कागद फिरवून झाल्यावर तिनं दिवा लावला. समोर गोठ्याच्या भिंतीवर फिकट उजेड पडला, मधोमध एक डाग. काचेवर काही राहिलं असेल. तिनं मधला कागद घेतला, पाणी सोडत घासलं. पुन्हा दिवा लावला. डाग आता उभा होता. त्याला खांदे होते.

ती गाडी आणि भिंत यांच्या मधून चालून आली. तिची सावली हलली. ती दुसरी हलली नाही.

“उजेडाचा खेळ,” ती स्वतःशी पुटपुटली आणि सर्वांत बारीक कागद घेतला. वरून टूथपेस्ट चोळली. गोठ्यातली गाय दावं ताणून मागे सरत होती. तिसऱ्यांदा दिवा लागला...

भिंतीवर एका बाईची सावली होती. पोट पुढे आलेलं. एक हात कमरेवर, दुसरा वर. गाडीला थांबवतात तसा.

“बंद कर!” मागून गुलाबकाकांचा आवाज आला. “बंद कर म्हणतो ना...”

तिनं दिवा घालवला. काकांनी अंधारात चाचपडत किल्ली काढून घेतली.

“कोण आहे ती, काका?”

“पुलगावच्या रस्त्यानं हात दाखवून राह्यली होती. एकटी, केस मोकळे. मले वाटलं भूत हाय... मी नाई थांबलो. सकाळी समजलं. जित्ती होती, पोरी. कळा येऊन राह्यल्या होत्या तिले. तेथंच रस्त्यावर गेली, पोटातल्या लेकरासंग.”

“अन् या काचा?”

“मीच घासल्या, रेतीनं. मंग काय करू? रोज राती उजेडात तेच दिसे. आपल्याले ते जेवढी साफ दिसते ना, तेवढेच आपण तिले दिसतो. तो उजवा दिवा राहू दे बाई... तुह्या पाया पडतो.”

रात्रभर काजलच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भिंतीपलीकडे दिपाली कूस बदलताना कण्हत होती. दिवे असेच आंधळे राहिले, तर उद्या रस्त्यात हात वर करून उभी असलेली जिवंत बाईसुद्धा दिसणार नाही. आणि दिसली, तरी कोणी तिला बाई समजेल का?

उजाडताच ती काकांपुढे जाऊन उभी राहिली.

“किल्ली मले द्या. गाडी मीच चालवीन.”

“अन् ते दिसली तर?”

“थांबीन.”

काकांनी मान वर न करता किल्ली तिच्या हातावर ठेवली.

ती उजव्या दिव्यापुढे बसली. घासता घासता ओरखडे गेले, तरी धूसरपणा जाईना. आत दव धरलं होतं. तिनं वाकून पाहिलं. त्या दवात एक तळहात उमटला होता, आतल्या बाजूनं. पाच बोटं स्वच्छ दिसत होती. सगळा मिळून तिच्या अंगठ्याएवढा.

काजलनं कागद पुन्हा पाण्यात बुडवला.