ओल्या रंगाची पाटी

थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोऱ्यांवर लंगोटच लंगोट, आणि मी तिशीची, घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचवत होते. कोणाच्या जिन्याची कितवी पायरी हलते, कोणत्या भिंतीवरचं चित्र कोणत्या भांडणानंतर रंगवलं, सगळं मला तोंडपाठ. म्हणून वाचनालयातल्या बाईंनी रविवारची फेरी माझ्याकडे दिली. पंधरा-वीस माणसं मागे, मी पुढे; गल्लीचा इतिहास सांगत चालायचं. आठवडाभर दाराच्या फटीतून कपडे ओढून घेणारी माणसं त्या दिवशी माझं ऐकायची. मला वाचता येत नाही, हे मात्र बाईंना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर माझा रविवार गेला असता. पाट्यांवरचा मजकूर मी वहिनीकडून वाचून घेऊन पाठ करायचे.

एका सकाळी कारंज्याशी पोचलो. बारीक पाऊस नुकताच थांबला होता. मी ऐटीत पाटीवर बोट ठेवून वाचलं, "हे कारंजं गल्लीतल्या बायकांनी दगड वाहून बांधलं." बोट ओळीवरून सरकेना. चिकटलं होतं.

शेजारी स्टुलावर एक पेंटर बसला होता, कानामागे कुंचला खोचून. त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मागून निवृत्त मास्तर चष्मा सावरत पुढे येत होते. पेंटर उठला आणि पाटीसमोर आडवा उभा राहिला.

"बाई, जरा सावकाश सांगा की. हाच मजकूर मला परत लिहायचाय."

माणसं पुढच्या भिंतीकडे गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "काय होतं पाटीवर?"

"रंग ओला आहे. हात लावू नये."

मला रडू यायला हवं होतं, आलं हसू. त्याने टर्पेंटाइनची चिंधी काढून माझं बोट पुसलं. इतका वेळ लावला, की बोटच आहे ते, पाटी नाही, असं मला म्हणावं लागलं.

दर शनिवारी येऊन पाट्या वाचून दाखवीन, म्हणाला. मी म्हटलं, वाचून नको, शिकवा. मग फेरी संपली की आम्ही दोघं त्याच वाटेने उलटे चालायचो. बेकरीचा ब, दवाखान्याचा द. वरच्या ओळी दाखवायला तो माझ्या खांद्यावरून हात लांबवायचा, आणि मला अक्षराऐवजी रंगाचा वासच लक्षात राहायचा...

सात-आठ महिन्यांत वाचायला जमू लागलं. पण तसं सांगितलं असतं तर उलटी वाट संपली असती. म्हणून मी ध ला घ म्हणायचे, भ ला म. तो न कंटाळता समजवायचा. एवढ्या दिवसांत पोपटसुद्धा शिकला असता, असं वहिनी ऐकवायची.

एका रविवारी फेरी न्हाव्याच्या दुकानापाशी आली. दारावर नवी पाटी, नुसती खडूने आखलेली. मी वर पाहिलं आणि फस्सकन हसले. मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "येथे कान कापून मिळतील."

न्हावी साबणाच्या हातांनी बाहेर धावला. सगळी फेरी हसत होती. कडेला उभा असलेला पेंटर तेवढा हसत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

उलट्या वाटेवर तो म्हणाला, "येतं की वाचायला. मग चुकत का राहिलात?"

"तुम्ही... ओळखलं होतंत?"

"महिना झाला."

"मग शिकवत का राहिलात?"

तो बोटांवरचा खडू झटकत राहिला. मी म्हटलं, आता काही उरलं नाही, पुढच्या रविवारी कशाला याल?

"जोडाक्षरं राहिलीत," तो म्हणाला. "ती रस्त्यात उभं राहून नाही जमायची. घरी बसून शिकावी लागतात."

"कोणाच्या घरी?"

"तेच... तेच विचारतोय."

होकार देण्याआधी मी वाचनालयात जाऊन बाईंना सगळं खरं सांगितलं. बाई चिडल्या, पण वहिनीला त्रास दिलास, मला का नाही विचारलंस म्हणून. रविवार माझ्याकडेच राहिला. मग संध्याकाळी पेंटरला हो म्हटलं.

एक्केचाळीस वर्षं संसार झाला. हे गेल्या वर्षी जानेवारीत, मंगळवारी सकाळी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारले.