सात सेकंदांची गाठ

दिवाळीत सुरत मुकी होते. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, कारण त्याला फटाकेच ऐकू येतात. गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत जन्म गेलेल्याला मात्र ऐकू येतात ते थांबलेले माग. वर्षभर दिवसरात्र खटखटणारी मागांची खाती, म्हणजे कारखाने, एकदम गप्प होतात, कारीगर बिऱ्हाडं आवरून खानदेशच्या गाड्या धरतात आणि गल्ल्यांत इतकी शांतता पसरते की शेजारच्या घरात कोणी कूस बदलली तरी कळावं.

उज्ज्वलाला त्या वर्षी गावी जाता आलं नाही. तिला पेशींना जेवू घालायचं होतं.

पेशींना सणवार नसतात. एक दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदललं नाही तर त्या उपाशी मरतात. म्हणून सगळं शहर फराळात रमलेलं असताना ही बाई दुपारची बस धरून शहराबाहेर, सचिन गावाच्या बाजूच्या संशोधन संस्थेत जायची. आई, काशीबाई, दारातून टोमणा मारायची, "घरमा माय उपाशी राहिनी तरी चालस. तुन्हा त्या पेशीसले मातर टाइमवर जेवन पाहिजे."

काम सांगायला सोपं होतं. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी कंडरा तुटली तर तिच्या जागी बसवता येईल अशी पट्टी तयार करायची. चाळीस पॉलिस्टर धाग्यांची बोटाएवढी पट्टी, तिच्यावर उज्ज्वलानं स्वतः बनवलेला लेप आणि लेपावर माणसाच्या कातडीच्या पेशी. ही पट्टी दोन चिमट्यांत धरून झाकणबंद डबीत, अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायची आणि एक छोटी मोटर तिला सेकंदाला एकदा केसभर ओढून सोडणार. मोटर इतकी मुकी की चालू आहे का ते दिव्यावरूनच कळावं. ओढ खाऊन खाऊन पेशी रांगेत लागतात, आपले तंतू विणतात, पट्टीला बळ येतं. एकविसाव्या दिवशी फॉर्मलिन ओतून पेशी आहेत तशा माराव्या लागतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. पाच वर्षांचा प्रबंध त्या एकविसाव्या दिवसावर टांगलेला होता, आणि पेशींची ही शेवटची कुपी होती. दुसरी मिळणार नव्हती.

का मिळणार नव्हती, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दात्याचं नाव संशोधकाला कळू नये, असा नियम. कुपीवर फक्त आकडा. पण तो आकडा कोणाचा हे उज्ज्वलाला पक्कं ठाऊक होतं, कारण कागदावर अंगठा तिनंच घेतला होता. तिचे वडील धुडकू, चाळीस वर्षांचे मागावरचे कारीगर. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट मागानं खाल्लं, तेव्हा जखम शिवताना डॉक्टरांनी काढून टाकलेली कातडी तिनं मागून घेतली होती. म्हातारा हसला होता. "अर्धं बोट मागनी खादं, अर्धं तू खाय. पन डिग्री ली ये."

आठ महिन्यांपूर्वी, होळीच्या आदल्या दिवशी, झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. काशीबाईनं अस्थी तापीत सोडल्या. सगळ्या नाही, हे त्या माउलीला माहीत नव्हतं.

धुडकूची गाठ आख्ख्या लाइनीत प्रसिद्ध होती. ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटला की सात सेकंदांत जोडायचे. लहानपणी उज्ज्वला डबा घेऊन जायची आणि घड्याळ लावून बघायची, सातच. बोट गेल्यावरही सातच, फक्त गाठीच्या डाव्या बाजूला धाग्याचं बारीकसं शेपूट राहायला लागलं. दोरा कमी पडला तर स्वतःच्या रुमालाचा दोरा उपसून जोडायचे. आणि एक नियम त्यांनी जन्मभर मोडला नाही. ते म्हणायचे, "तुटेल दोरा सोडीसन माग बंद करानं नही, पोरी. तो वाट देखत बसस."

लक्ष्मीपूजनाचा दिवस हा प्रयोगाचा सोळावा. दुपारी चारच्या सुमारास उज्ज्वलानं खाद्य बदललं आणि तिला दिसलं, पट्टीचा कडेचा एक धागा मधोमध तुटला होता. दोन्ही टोकं गुलाबी पाण्यात हलत होती. असंच चालू ठेवलं तर टोक बाकीच्या धाग्यांत अडकणार; जोडावं तर एवढ्या बारीक जागी जोडणार कोण? तेवढ्यात आईचा फोन. पूजा मांडली आहे, घरात दुसरं माणूस नाही, कधी येतेस. प्रयोग बुडाला, असं मनाशी धरून तिनं मोटरचं बटण बंद केलं, कपाट लावलं, पाठ फिरवून हातमोजे काढले आणि निघाली.

बसमध्ये बसल्यावर तिला वडिलांचा नियम आठवला. पण बस सुटली होती.

भाऊबीजेला ती परत गेली, खरं तर आवराआवर करायलाच. फाटकावर सुपडूआबा बसलेले. तेही जुने कारीगर, गुडघे गेल्यावर पहारेकरी झालेले. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी… तठे वर माग कोन चालाडस?"

"माग? वर काचेची भांडी आहेत, आबा."

"दोन दिन व्हयनात. खट… खट… सारखा आवाज. चाळीस वरीस ऐकेल शे मी, माले नको शिकाडू." मग आवाज आणखी खाली. "दार उघडीसन देखं. कोनी नही. फक्त तेलना वास."

उज्ज्वला वर गेली. खोलीत फिनेलच्या वासामागे मागाच्या तेलाचा वास होता, बारीक पण ओळखीचा. वडील दार उघडून आत आले की यायचा तसा. कपाटातला हिरवा दिवा लागलेला. मोटर चालू होती.

तिनं डबीवर भिंग धरलं. कडेचा धागा जोडलेला होता. बारीक, गोल, घट्ट गाठ… आणि डाव्या बाजूला शेपूट.

मग तिनं यंत्राची नोंद उघडली. पट्टीची ओढ मोजणारं यंत्र प्रत्येक सेकंदाची रेघ काढत असतं आणि ती उज्ज्वलाच्या मोबाइलवरही दिसते. लक्ष्मीपूजनाला चार वाजून बारा मिनिटांनी तिनं बटण बंद केलं होतं. रेघ खाली बसली. सरळ, सरळ… आणि सात सेकंदांनी ओढ पुन्हा सुरू.

सात सेकंदांत ती दारापर्यंतही पोचली नव्हती. ती तेव्हा खोलीतच होती, पाठमोरी, हातमोजे काढत.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेली? भीती तिलाही वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीहून मोठा तिला आनंद झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं की बापानं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. खाद्य बदललं आणि कपाटाच्या दाराशी तोंड नेऊन, लहान पोरीसारखं म्हणाली, "बा, अजून पाच दिवस चालव. नाही, तीनच."

लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, एकविसावा दिवस भरला. त्या दिवशी सुरत डोळे उघडते. बसमधून येताना खात्यांच्या दारांवर तोरणं दिसली, मुहूर्तापुरता एखादा माग दोन मिनिटं खटखटून गप्प झाला. प्रयोगशाळेत फॉर्मलिनची बाटली समोर ठेवून उज्ज्वला तासभर बसून राहिली. ओतलं तर पदवी. ओतलं नाही तर पाच वर्षं पाण्यात, आणि पेशी तशाही किती दिवस जगणार. पण ओतलं की धुडकू नावाच्या माणसाचं जिवंत असं काही या जगात उरणार नव्हतं. दुसऱ्यांदा मारायचं, आणि तेही लेकीच्या हातानं. ती रडली, मोकळेपणी रडली.

शेवटी तिनं माणसं करतात तेच केलं, मधला मार्ग काढला. मोटर थांबवली, तिची वायरही उपसून ठेवली. बारीक कात्रीनं पट्टीच्या कडेचा तो धागा, गाठीसकट इंचभर, कापून घेतला. तो तुकडा एका बशीत, ताज्या खाद्यात, परत उबेत ठेवला. बाकीची पट्टी चिमट्यांतून सोडवून फॉर्मलिनमध्ये बुडवली. चिमटे रिकामे राहिले. ओढ मोजणारं यंत्र बंद करायचं ती विसरली.

पदवीही साधली आणि बालाही ठेवून घेतलं, असं तिला वाटलं. हलकी होऊन ती घरी आली. ऊन अजून उतरलं नव्हतं.

काशीबाई उंबऱ्यात बसली होती. दिवाळीचं नवं पोपटी पातळ अंगावर, आणि पदर मांडीवर पसरलेला. ती पदराकडे टक लावून बघत होती.

"माय, काय व्हयनं?"

"तुन्हा बा वना व्हता," आई म्हणाली. आवाजात ना रडू, ना भीती. "आत्तेच. आठे, मन्हाजवळ बसना. बोलना, पोरनी दोरा मधमाच कापी टाका… आते कमी पडी राहिना."

उज्ज्वलानं पदराकडे पाहिलं. "मंग?"

"मंग काय. मन्हा पदरमाधून वढी लिन्हा."

पदराच्या काठापासून एक धागा उपसलेला होता. त्याच्या जागी कापडात विरळ रेघ उमटली होती आणि ती अजून पदराच्या मधेपर्यंतच पोचलेली होती. पुढचा धागा कापडातच होता. बाहेर आलेलं टोक मात्र कुठे दिसत नव्हतं. उंबऱ्यापाशी येऊन तो धागाच नजरेआड होत होता.

हातातला मोबाइल थरथरला. प्रयोगशाळेतून येणारी रेघ. रिकाम्या चिमट्यांची, वायर काढलेल्या मोटरची. रेघ सरळ जात होती. उज्ज्वलानं नकळत मोजायला सुरुवात केली. पाच… सहा… सात.

रेघ उठली. त्याच क्षणी आईच्या मांडीवरचा पदर बारीकसा चुणला आणि सैल झाला. मग पुन्हा चुणला.

आईनं तो दोन्ही मुठींत धरला. "जोरमा वढी राहिना वं," ती पुटपुटली.