मुकादम

कुंदा जगदाळेनं स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतला. दारूगोळ्यानं लादलेला ट्रक सीमेजवळची खिंड आपणहून चढत होता. वळण आलं की गिअर स्वतःच उतरे, चाक घसरू लागलं की तेवढ्याच चाकाचा जोर कमी होई. इंजिनात किती तेल सोडायचं, कोणत्या चाकाला किती बळ द्यायचं, ब्रेक कधी लावायचा, हे सगळं नवी चालनयंत्रणा ठरवत असे. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. जवान तिला मुकादम म्हणत.

हवालदार कुंदाला ती आवडत असे. तिचा जोडीदार लान्स नाईक इब्राहिम मुजावर मात्र कुरकुरायचा. मुकादमाला फक्त माल पोचवायचा असतो, असं त्याचं म्हणणं.

पुढचा ट्रक सुरुंगावर गेला तेव्हा चहा कुंदाच्या मांडीवर सांडला. समोरची काच तडकली. कड्यावरून गोळीबार सुरू झाला. पुढच्या ट्रकचं मागचं अंग पेटलं होतं, आणि केबिनमध्ये त्याचा चालक पेरियासामी ओरडत होता. त्याचा पाय दबलेल्या पत्र्यात अडकला होता. इब्राहिम पहार घेऊन धावला आणि त्या केबिनमध्ये शिरला.

तेवढ्यात कुंदाचा ट्रक हलला.

मुकादमानं सर्वांत खालचा गिअर टाकला, सगळी चाकं एकाच जोरानं फिरतील अशी जोडली आणि जळता ट्रक दरीकडे रेटायला सुरुवात केली. वाट मोकळी झाली तर मागचे ट्रक निसटणार होते. हिशेब चोख होता. कुंदानं ब्रेकवर उभं राहून जोर दिला, किल्ली फिरवली, बटणं दाबली. इंजिन आणखी खोल आवाजात घुमलं.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या तापलेल्या हवेत तेल पडलं की ते पेटतं. तेल तोडल्याशिवाय ते थांबणार नव्हतं.

तिनं कार्बाइन उचलली आणि उडी मारली. एक गोळी तिच्या दंडाचं मांस घेऊन गेली. ती चाकाशेजारी आडवी पडली, टाकीतून निघणाऱ्या नळीवर नेम धरला आणि गोळ्या संपेपर्यंत घोडा दाबून ठेवला. डिझेल तिच्या तोंडावर उडालं. इंजिन धापा टाकत राहिलं, खोकलं, मग बंद पडलं. पुढच्या ट्रकचं एक चाक दरीवर लोंबकळत होतं. इब्राहिमनं पेरियासामीला खेचून बाहेर काढलं. त्याचा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता.

वाट अडलेलीच होती, मागचे ट्रक जागीच खिळले होते. तिसऱ्या ट्रकवर रॉकेट पडलं. त्यात पहारा बदलायला निघालेले जवान होते. आग अंगावर घेऊन ते बाहेर पडले. काही रस्त्यावरच कोसळले, काही बाहेर आलेच नाहीत. कुंदा त्यांच्याकडे रिकामी कार्बाइन घेऊन पळाली. त्यांच्यातल्या सुभेदार हणमंत शेलारांना तिनं ओढलं तेव्हा त्यांच्या हाताची कातडी तिच्या मुठीत आली. ते तिच्या मांडीवर गेले.

इस्पितळात मुकादमाचं काम बघणाऱ्या मेजर नंदिता भावे तिला भेटायला आल्या. ठपका ठेवायला आलेली नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. मुकादम जिंकला असता तर पुढच्या केबिनमधले दोघं गेले असते. आता सात गेले होते. यंत्रणा सुधारायची होती, आणि अशा वेळी काय करायचं हे तिला चालकांच्या अनुभवातून शिकवायचं होतं. त्यांना कुंदाचं मत हवं होतं.

शेजारच्या खोलीत पेरियासामी फोनवर आईशी हळू आवाजात बोलत होता. पायाचं त्यानं अजून घरी सांगितलं नव्हतं.

"इब्राहिम नसता, दुसरं कुणी असतं, तरी तू नळी फोडली असतीस?" मेजरनी विचारलं.

कुंदानं दंडावरची पट्टी सारखी केली.

"माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण तुमच्या नव्या मुकादमाला एक सांगणार का? पुढच्या ट्रकात बसलेल्याचं नाव?"

मेजर भावेंनी तिचा प्रश्न वहीत उतरवला आणि त्याखाली स्वतःचा लिहिला. नाव सांगितलं तर मुकादम थांबेल, की मागच्या ट्रकांतल्यांचीही नावं मोजून पुढेच रेटेल?