कवेलू फेरणारा भाडेकरू

भाडं वाढवलं तरी भाडेकरूनं तोंड उघडू नये, ही सरळ माणसाची चाल नाही. जगदेवची तीच चाल होती.

आसेगावहून कारंज्याच्या कापसाच्या जिनावर कामाले आला अन् वळकटी घेऊन, भाड्याची खोली पाहत, थेट माह्या अंगणात... तुळसा, माही पोरगी, सारवत होती. याचा पाय ओल्या सारवणात.

"आता हे कोन सारवन? तुही माय?" म्या म्हटलं.

"ते आसेगावले हाय," तो म्हणाला. "मलेच सारवा लागन."

अन् बसला की खरंच सारवाले! तुळसा पदराआड हसली. म्या पाहिलं.

त्या सालात खेडीच्या खेडी जिनावर लोटत होती. बैलाचा गोठा झाडून दिला तरी भाड्यानं जाय. मी भाडं वाढवत गेली. बाकीचे भाडेकरू दारात बसून भांडत. जगदेव मुकाट देई... अन् विहिरीकडे पाही. विहिरीवर तुळसा.

एक दिवस तो माह्या छपरावर चढून कवेलू फेरताना, फुटकी कौलं काढून नवी बसवताना दिसला. आज कवेलू फेरन, उद्या घरावर हक्क सांगन.

"काहून रे, घर तुह्या बापाचं हाय?"

"गळून राह्यलं होतं, काकू."

"तुही खोली त तिकडं हाय."

तो पुढचं कवेलू बसवाले लागला. ज्या चुलीवर पाणी गळे, तिथं तुळसा भाकरी थापे.

मंग मले समजलं. खोल्या महागल्या, म्हणून हा घरजावई व्हाले निघाला.

"खरं सांग. पोरगी पाह्यजे का खोली?"

तो लाजला. "...तुळसा."

"मंग खोली सोड."

सांजेलेच सोडली. दुसऱ्या दिवशी एका मुनिमानं ती दुप्पट भाड्यानं घेतली. आता हा कायले येते, म्हटलं.

पण चार दिवसांनी तुळसा घरी आली, ती कोपरापर्यंत मातीनं भरलेली.

"कुठं गेलती?"

"गावाबाहीर. तो झोपडी बांधून राह्यला. भिंत धड येत नाई त्याले."

"अन् तू तिथं राहशीन? पावसात?"

"त्यानं कवेलू नीट फेरले होते, आई," ती हळूच म्हणाली.

मी चप्पल घातली अन् गेली. माळावर अशा दहा-बारा झोपड्या, शेवटची त्याची. भिंत कमरेएवढी, अन् मधातच फुगलेली. तो मातीचे हात मागं लपवून उभा राह्यला. म्या भिंतीले एक धक्का देऊन पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"मानूस लबाड नाईस तू, जगदेव. गवंडी मात्र बेकार हायेस. हे भिंत पाड, नीट बांध, अन् आसेगावहून तुह्या मायले घेऊन ये. पोरगी तुले देली म्या."